शून्य पूर्णांक अडुसष्ट

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज पाहुण्यांसमोर मला भीमरावांचं नाव आठवलं नाही.

भीमराव गेली सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. विश्रांतवाडीहून दुचाकीवर येतात, माझ्या डब्यातली भाजी खातात आणि वर तिला नावंही ठेवतात. दिल्लीहून आलेल्या तिघांना मी म्हणालो, "नमुने गोळा करण्याचं सगळं काम हे पाहतात, हे आमचे..." आणि पुढे काहीच नाही. पाच सेकंद असतील, सहा असतील. शेवटी त्यांनीच हसून नाव सांगितलं. नंतर मला म्हणाले, "सर, माझं नाव एवढं अवघड आहे हे माहीत असतं तर आईनं दुसरं ठेवलं असतं." सगळे हसले, मीही हसलो. मग खाली पार्किंगमध्ये जाऊन वीस मिनिटं गाडीत बसून राहिलो.

येताना शनिवार पेठेतल्या दुकानातून ही दोनशे पानी वही घेतली.

माझं वय त्रेचाळीस. एप्रिलमध्ये चव्वेचाळीस पूर्ण होतील. माझे वडील, बजरंग, चव्वेचाळीसाव्या वर्षी वारज्यातल्या आमच्याच शेतातून घरी येताना वाट चुकले. तिथून सुरुवात झाली. पन्नासाव्या वर्षी त्यांनी मला विचारलं, "पाव्हणं कुठलं?" बावन्नाव्या वर्षी गेले.

मी संख्याशास्त्रज्ञ आहे. भीती वाटली की मोजायचं, एवढंच मला येतं. म्हणून या वहीत रोजच्या लिखाणाखाली तीन रकाने आखायचे: काय विसरलो, किती वेळ, आठवलं का. बायकोला, शेफालीला, सांगायचं नाही, ती लगेच डॉक्टरची अपॉइंटमेंट घेईल. आमची लेक संस्कृती तर दहा वर्षांची आहे, तिला सांगायचा प्रश्नच नाही. वही कपाटात, माझ्या एम.एस्सी.च्या जाड पुस्तकांमागे राहील. तिथे कोणी हात घालत नाही. आत्ता दोघी खाली बागेत गेल्यात तेवढ्यात लिहितोय.

भीमराव (नाव). सहा सेकंद. नाही, सांगावं लागलं.

गुरुवार, ९ जानेवारी

आकडा आला. ०.६८.

नीट लिहून ठेवतो, लिहिलं की जरा धीर येतो. चाळीस ते सत्तर वयाची चार हजार एकशे बारा माणसं, पुण्यातली आणि शहराने गिळलेल्या आसपासच्या गावांतली. प्रत्येकाची लाळ घेतली आणि स्मरणचाचणी घेतली. मग लाळेतल्या जनुकांची काही लाख ठिकाणं वाचून प्रत्येक माणसाची दुसऱ्या प्रत्येकाशी तुलना केली. त्यातून एक भलीमोठी सारणी तयार होते. तिला आम्ही आपसात नात्यांची सारणी म्हणतो. एकमेकांना कधी न भेटलेली दोन माणसंही जनुकांनी कुठे किंचित जास्त सारखी असतात, कुठे किंचित कमी. जी जोडी जास्त सारखी, तिचे स्मरणाचे गुणही जास्त सारखे येतात का, एवढाच प्रश्न. येत असतील, तर माणसामाणसांच्या स्मरणशक्तीत जो फरक दिसतो त्यातला तेवढा वाटा जनुकांचा. या वाट्याला आनुवंशिकता म्हणतात. आमचा वाटा अडुसष्ट टक्के.

आमच्या विभागप्रमुख राधा मॅडम स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या. "छान आकडा आहे," त्या म्हणाल्या. "इतका छान की मला संशय येतोय. पुन्हा एकदा तपासा आणि पेपर लिहायला घ्या."

पाहुण्यांना मी एक वाक्य शंभरदा ऐकवलंय: हा आकडा समूहाचा असतो, एका माणसाचा नसतो. अडुसष्ट टक्के म्हणजे तुमच्या विसरण्यातलं अडुसष्ट टक्के तुमच्या वडिलांकडून आलं, असा अर्थ होत नाही. आज तेच वाक्य मी स्वतःला तीनदा ऐकवलं. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. मला भीती वाटते. वाक्य बरोबर आहे आणि तरी भीती वाटते.

शनिवार, ११ जानेवारी

आईकडे वारज्याला गेलो. आमच्या वांग्याच्या वाफ्यांवर आता सी विंगचं पार्किंग आहे आणि आई, म्हणजे मथुराबाई, त्याच विंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहते. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांत कोथिंबीर लावते आणि कोण कुठे गाडी लावतं यावर लक्ष ठेवते.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, आबांचं नक्की कधी सुरू झालं गं?"

"ट्रॉलीवरनं पडलं तवापासनं," ती कोथिंबीर निवडत म्हणाली.

"कुठली ट्रॉली?"

"आरं, विटांची. डोस्क्यावर पडलं. तीन दिस डोळं उघाडलं न्हाईत त्यास्नी. तू मामाच्या गावाला व्हतास सुट्टीला. तुला कुनी सांगितलंच न्हाय, पोरगं घाबरंल म्हनून."

"आणि आजोबा? ते विसरायचे का?"

"तुझा आजा? ब्याऐंशीव्या वर्षी तलाठ्याला समद्या गावाचं गट नंबर तोंडपाठ म्हनून दाखवायचा. तलाठीच चुकायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू का इचारतोस? वाळलास किती. झोपतोस का न्हाय?"

घरी येईपर्यंत मी यावर विचार केला. आईचं ऐकायला बरं वाटतं, पण तो पुरावा नाही. घरात आजार आला की माणसं मागे वळून एखादी घटना शोधतात आणि सगळा दोष तिच्यावर घालतात. आमच्या शास्त्रात हा नेहमीचा दोष आहे. आणि आजोबांचं म्हणाल तर, जनुकं एखादी पिढी गप्प बसूही शकतात.

कोथिंबिरीची पिशवी आईकडेच राहिली. तीन तास. शेफालीने विचारल्यावर आठवलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी नव्हती, पण लवकर घरी आलो. संस्कृतीला तिळगूळ दिला आणि म्हटलं, "एक खेळ खेळायचा का?" आमच्या अभ्यासातली शब्दांची चाचणी. दहा शब्द वाचायचे, वीस मिनिटं दुसरं काही करायचं, मग आठवून सांगायचे. किल्ली, विहीर, चाफा, शिट्टी, गूळ, होडी, कंदील, मुंगी, पायरी, घंटा.

"मग फॉर्म कुठंय?" तिने विचारलं. आमची उरलेली संमतिपत्रकं मी घरी आणतो आणि ती मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढते, त्यामुळे तिला फॉर्म माहीत आहेत. तिने खरंच एक फॉर्म शोधून आणला आणि सगळा मोठ्याने वाचला. "'मला या अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येईल. कारण देणे बंधनकारक नाही.' म्हणजे मी मधेच नाही म्हणू शकते?"

"हो."

"आणि तू रागावणार नाहीस?"

"रागवायला परवानगीच नाही. नियम आहे."

तिने झोकदार सही केली. नऊ शब्द आले, पायरी राहिली. मी हसून शाबासकी दिली. पण पायरी का राहिली हे डोक्यातून जात नाही. पायरी नवव्या क्रमांकाला होती, शेवटचे शब्द सहसा आठवतात. तिची माझ्याशी सारणी मांडली तर आकडा ०.५ येईल. माझी वडिलांशी मांडली असती तर तीही ०.५ आली असती.

शुक्रवार, १७ जानेवारी

वही काढली तर उलटी होती, बांधणीकडचा पुठ्ठा आतल्या बाजूला. मी नेहमी पुठ्ठा बाहेर ठेवतो, गेले अकरा दिवस तसाच ठेवतोय.

वही कशी ठेवली. तीन दिवस. आठवत नाही.

हे आजवरचं सगळ्यात वाईट. नाव विसरणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट विसरणं वेगळं. आबांचं असंच होतं. ते चप्पल माठाशेजारी ठेवायचे आणि कुणी ठेवली म्हणून सगळ्यांवर ओरडायचे.

बुधवार, २२ जानेवारी

जेवताना संस्कृतीने मधेच विचारलं, "बाबा, शून्य पूर्णांक अडुसष्ट म्हणजे पास की नापास?"

शेफाली हसली. "कुठल्या विषयात मिळाले गं?"

"असंच विचारलं."

मी लॅपटॉप उघडा ठेवला असणार. (लॅपटॉप बंद करायला विसरलो. कधी, माहीत नाही.) मी सांगितलं की हा आकडा पास-नापासचा नाही, किती गोष्टी आईबाबांकडून आपोआप मिळतात त्याचा आहे. ती म्हणाली, "सगळ्यांना मिळतात?" मी हो म्हणालो. मग तिने पोळी तशीच ठेवली.

नंतर पुन्हा चाचणी घेतली, नवे दहा शब्द. सात आले.

सोमवार, २७ जानेवारी

सहा.

हळूहळू कमी होतंय. नऊ, सात, सहा. तीन आकड्यांवरून रेघ ओढू नये हे मी विद्यार्थ्यांना दरडावून सांगतो. आज मी रेघ ओढली.

एक गोष्ट मात्र बरी आहे. संस्कृती आजकाल फार शिस्तीने वागते. दप्तर पाच पाचदा तपासते, वेळापत्रकावर बोट ठेवून एकेक वही मोजते, बसमध्ये चढल्यावरही खिडकीतून ओरडून विचारते, "आई, डबा दिलास ना?" कुणीतरी या घरात व्यवस्थित आहे हे पाहून बरं वाटलं.

वहीत एक पेन्सिलीचा तुकडा सापडला. मी पेन्सिल वापरत नाही, म्हणजे वापरली आणि विसरलो. किती वेळ, कोण जाणे.

रविवार, २ फेब्रुवारी

जे केलं ते लिहितो, सफाई देत नाही.

शुक्रवारी प्रयोगशाळेतून लाळेची एक रिकामी नळी आणली. आज शेफाली भाजी आणायला गेली तेव्हा संस्कृतीला म्हटलं, या रेघेपर्यंत थुंकून दाखव. तिने काही न विचारता नळी भरली. एरवी ती दात घासताना बेसिनमध्ये थुंकायलाही कंटाळा करते. नळी परत देताना म्हणाली, "यातून कळेल का?"

"काय कळेल?"

"काही नाही," ती म्हणाली आणि खेळायला न जाता खोलीत गेली.

माझी स्वतःची लाळ यंत्रांच्या चाचणीसाठी कधीच दिलेली आहे. हिची वाचून घेतली की दोघांचा जोखमीचा गुणांक काढता येईल. हजारो ठिकाणांची छोटी छोटी वजनं जोडून एक आकडा काढायचा. एका माणसाच्या बाबतीत तो आकडा फारसा काही सांगत नाही, हे मला माहीत आहे. दार उघडलं तर आत काय असेल ते आपल्याला हाताळता येत नाही हेही माहीत आहे. पण बंद दाराबाहेर उभं राहणं मला आता जमत नाही. नळी फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

शेफालीला सकाळी विरजणासाठी दही काढताना नळी सापडली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "हे काय आहे, दत्ता?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "सीरियसली? तू आपल्या मुलीचं सॅम्पल घेतलंस? तिला न सांगता, मला न सांगता?"

"तिचे गुण कमी होतायत. नऊवरून सहा."

"ती रात्री झोपत नाहीये! अंगठा चोखायला लागलीये पुन्हा, तुला दिसतंय तरी का? तू घरात फक्त आकडे बघतोस. आधी तू जाऊन डॉक्टरला दाखव."

"कशासाठी?"

"झोपेसाठी. तुझ्या. तू पण झोपत नाहीस."

फेकून देतो म्हणालो. ऑफिसला जाताना नळी खिशात होती. प्रयोगशाळेच्या गोठणकपाटात तिसऱ्या खणात ठेवली, नावाशिवाय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

भीमरावांना म्हटलं, या नळीला एक बारकोड द्या, चोवीस तारखेच्या खेपेत जाऊ दे. त्यांनी नळी हातात फिरवली. "कुणाची, सर?"

"घरचीच आहे."

"लहान मुलाची असेल तर आईची पण सही लागते. आणि मुलाचं स्वतःचं हो लागतं. नियम तुम्हीच लिहिलाय, सर." ते अगदी हळू बोलत होते. "वहिनींची सही घेऊन या, मी लगेच देतो."

त्यांनी नळी पुन्हा तिसऱ्या खणात ठेवली आणि डब्यातल्या वांग्याला मीठ कमी असल्याचं सांगितलं. सही मिळणार नाही हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. शेफालीची सही मला बघून बघून येते. हा विचार मनात आला, तो इथे लिहून ठेवतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज जे सापडलं त्यावरून माझ्याबद्दल शंका उरायला नको.

भीमराव जुन्या शिबिरांच्या गमती सांगत होते. वारज्याच्या शिबिरात दोन बाया हातात हात घालून आल्या होत्या. "सख्ख्या बहिणी, सर. एकाच गल्लीत समोरासमोर दिलेल्या. रांगेत एकीची साडी दुसरी सारखी करत होती."

"फॉर्मवर तर वारज्यात नातेवाईक जवळजवळ कोणीच नाहीत."

"फॉर्मवर काय विचारलंय? 'आपल्या आडनावाचे अन्य कोणी सहभागी आहेत का?' त्यांनी नाही लिहिलं. खोटं कुठं लिहिलं? लग्नानंतर दोघींची आडनावं वेगळी. तसंच मामा-भाच्यांचं, तसंच आत्याचं. गावठाणात तर अर्धी गल्ली एकमेकांची सोयरी."

फॉर्ममधला तो प्रश्न मी घातला होता. मी, ज्याची सख्खी आत्या तीन घरं सोडून राहायची आणि वेगळं आडनाव लावायची.

तरीही काळजीचं कारण नव्हतं, कारण फॉर्म काहीही म्हणो, नात्यांच्या सारणीत असे लोक पकडले जातात. ज्या जोडीचा आकडा ०.०५ च्या वर, त्यातला एक जण वगळायचा. जवळचे नातेवाईक ठेवले तर हिशेब बिघडतो, कारण त्यांची नुसती जनुकं सारखी नसतात. मी आज्ञावली उघडून पाहिली. तिथे ०.५ होतं. मधलं शून्य मी टाकलंच नव्हतं. बहिणी, भाचे, मामेभाऊ, जवळजवळ सगळेच आत राहिले होते. अकराच जण गळाले होते आणि फॉर्मवर नातेवाईक थोडेच म्हणून कुणालाच खटकलं नाही.

शून्य घालून पुन्हा चालवलं. बाराशेच्या आसपास माणसं बाहेर गेली. आकडा आला ०.३१, मागेपुढे ०.११.

अडुसष्टचे एकतीस झाले म्हणून कुणी पेढे वाटले असते. मला दिसतं ते एवढंच की वीस वर्षं हाताखालून गेलेलं एक शून्य मी विसरलो.

शून्य. तेहतीस दिवस. आज.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

राधा मॅडमना सांगितलं, राजीनाम्याचं पत्रही पुढे ठेवलं. त्यांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. "यात शुद्धलेखनाच्या चुका नाहीत, म्हणजे डोकं शाबूत आहे. चूक तुमचीच, आणि शोधलीतही तुम्हीच. ज्याचं डोकं निकामी होत चाललंय तो माणूस स्वतःच्या चुका शोधत बसत नाही, दत्तप्रसाद. तो इतरांच्या शोधतो."

मी पत्र घडी करून खिशात ठेवलं.

"आणि ते सदतीस टक्के गेले कुठे, ते लिहा. खरा पेपर तोच. एका घरातल्या माणसांचं नुसतं रक्त एक नसतं. ताट एक असतं, पाणी एक असतं. घरात जे बोललं जातं तेही एक, आणि जे बोलायचं टाळतात तेही एकच. आपण ते सगळं जनुकांच्या नावावर टाकून मोकळे झालो होतो."

हे मी जसंच्या तसं टिपून घेतलं, पेपरच्या चर्चेत उपयोगी पडेल. मॅडम फार सांभाळून घेतात. पण एकतीस म्हणजे काही शून्य नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दुपारी शाळेतून फोन आला. शेफाली मीटिंगमध्ये होती, मी गेलो.

वर्गशिक्षिका चैताली मिस म्हणाल्या की संस्कृती कंपासपेटी विसरली म्हणून आज अर्धा तास रडत होती. कुणी रागावलंही नव्हतं. "आणि हे बघा." तिच्या तळहातावर पेनाने नावं लिहिली होती, शेजारी बसणाऱ्या मुलींची. मैना. मुक्ताई. त्याखाली आमच्या सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर. "मला म्हणाली, माझं शून्य पूर्णांक अडुसष्ट आहे, मी थोड्या दिवसांनी तुम्हाला ओळखणार नाही. घरी काही झालंय का?"

मिसनी एक छोटी वही पुढे केली. पट्टी लावून पेन्सिलीने तीन रकाने आखले होते. काय विसरले. किती वेळ. आठवलं का.

पहिली तारीख पंधरा जानेवारी.

रुमाल. पूर्ण दिवस. घरी आल्यावर.
सातचा पाढा, सात नव्वे. चार सेकंद. हो.
मैनाचं आडनाव. दोन सेकंद. हो.
बाबांचे शब्द, तीन. वीस मिनिटं. नाही.
बाबांचे शब्द, चार. वीस मिनिटं. नाही.
आजीच्या घरी आजोबांचा फोटो कुठल्या भिंतीवर आहे. आठवत नाही.

अशी बारा पानं. शेवटच्या पानावर एक ओळ, अधोरेखित: बाबांना सांगायचं नाही. ते घाबरतील.

वही उलटी मी ठेवली नव्हती. पेन्सिल माझी नव्हती. लॅपटॉपही बंदच होता. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून मी जे जे लिहिलं ते ती वाचत होती, आणि मी तिचे गुण मोजत होतो.

येताना गाडीत ती मागे बसली. सिग्नलला आरशात पाहिलं तर माझ्या मानेकडे बघत होती. इतकी भीती मला आबांच्या आजाराचीही कधी वाटली नव्हती.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शेफालीला काल सगळं सांगितलं. तिने ही वही पहिल्या पानापासून वाचली आणि म्हणाली, "आता तिला पण सांग. ती जिथे वाचते तिथेच." म्हणून आजचं पान तुझ्यासाठी आहे, संस्कृती.

तू हे वाचतेस ते मला माहीत आहे. मी रागावलेलो नाही.

तो अडुसष्ट आकडा चुकीचा होता. बाबाचं एक शून्य टाकायचं राहून गेलं. बरोबर आकडा एकतीस आहे. पण तो बरोबर असता तरी तुझा नव्हता आणि माझाही नव्हता. चार हजार माणसांच्या उंचीचा हिशेब मांडला तर त्यात तुझ्या फ्रॉकचं माप सापडत नाही, तसंच हे आहे.

तुझे आजोबा विसरायला लागले, ते खरं आहे. त्याआधी ते विटांच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडले होते, हेही खरं आहे. आजी मला सांगत होती आणि मी ऐकलं नाही. पडल्यामुळेच झालं की नाही हे मला नक्की माहीत नाही. माहीत नसलेलं मी भीतीने भरून टाकलं.

मला अजून भीती वाटते, खोटं कशाला सांगू. मी सोमवारी डॉक्टरकडे जाणार आहे, आई बरोबर येणार आहे. काय होईल ते तुला सांगेन. पण तुला काही झालेलं नाही. कंपासपेटी विसरणं म्हणजे कंपासपेटी विसरणं. शब्द कमी आठवले कारण मी तुझ्याकडे तसा बघत होतो.

वही तिथेच ठेवतोय, पुठ्ठा बाहेर.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी वही काढली. पुठ्ठा आत होता.

माझ्या पानाच्या खाली पेन्सिलीने, फॉर्मवरच्या भाषेत, नीट अक्षरात:

मला या अभ्यासातून बाहेर पडायचे आहे. कारण देणे बंधनकारक नाही.

खाली तिची झोकदार सही. तिच्याखाली पट्टीने आखलेली आणखी एक रेघ, आणि रेघेखाली लिहिलं होतं: बाबांची सही. (बाबा पण.)

कुणी बाहेर पडलं तर काय करायचं हे मला तोंडपाठ आहे. नमुना नष्ट करायचा, नोंदी काढून टाकायच्या, दोन साक्षीदार लागतात. भीमरावांना फोन केला आणि प्रयोगशाळेत गेलो. शनिवार असूनही ते विश्रांतवाडीहून अर्ध्या तासात आले, कुणाची नळी हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिसऱ्या खणातून काढून आम्ही ती जंतुनाशकात रिकामी केली आणि दोघांनी नोंदवहीत सह्या केल्या. जाताना म्हणाले, "सर, सोमवारी भेंडी आणा. वांगी बास झाली." मी म्हणालो सोमवारी अर्धा दिवस येणार नाही, डॉक्टरकडे जायचंय. ते म्हणाले, "मग मंगळवारी आणा."

घरी आलो. संस्कृती हॉलमध्ये फॉर्मच्या मागच्या बाजूवर चित्र काढत होती. तिच्यासमोर बसून तिने आखलेल्या रेघेवर तिच्याच पेन्सिलीने सही केली. तारीख एकवीस टाकली, मग खोडून बावीस केली. तिने ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खोडरबर माझ्याकडे सरकवला.

रकान्यात लिहिलं नाही.